अळीकडे पाहण्याचा दृष्टिकोन

आज डोकं फिरलेलं आहे त्यामुळे पोस्ट लांब होणार. कंटाळा आला तर खुशाल पुढे जा, राग नाही.

तालुक्याला एका मंगल कार्यालयात आज कास्तकारांसाठी कार्यक्रम होता. बॅनरवर मन, माती आणि मोती असं यमक जुळवलेलं काहीतरी. पोहे-चहा फुकट, वरून प्रत्येकाला टोपी. शनिवारची शाळा लवकर सुटते म्हणून बाबांना स्कूटीवर मागे बसवलं अन् गेले. वक्ता बाहेरचा, कोटातला, गालाला चिकटलेला माइक. आणि पहिल्याच स्लाइडवर कोण, तर मार्कस ऑरेलियस! खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. मागून वरणाच्या फोडणीचा वास येतोय, पंखा खडखडतोय आणि पडद्यावर इसवी सन १६१ ते १८० रोमवर राज्य केलेला कुरळ्या दाढीचा बादशहा. म्हटलं वा, आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही स्टोइसिझम, म्हणजे ग्रीक-रोमन लोकांचं ते मन ताब्यात ठेवायचं तत्त्वज्ञान, पोचला.

आनंद दहा मिनिटं टिकला. पुढच्या स्लाइडवर दोन रकाने. एकात 'हातात नाही': पाऊस, भाव, अळी, कर्ज. दुसऱ्यात 'हातात आहे': विचार. फक्त विचार. मग आले डार्विन. "डार्विन सांगून गेला, जो बलवान तोच टिकतो, जो शेतकरी बदलत नाही त्याला निसर्गच बाजूला करतो." हे वाक्य त्याने कुठे उभं राहून म्हटलं तर आमच्या जिल्ह्यात, जिथे समोरच्या खुर्च्यांवर निदान चारपाच बाया अशा होत्या की ज्यांचा घरधनी वावरातून परत आलाच नाही. मला घाम फुटला. माझ्या शेजारची मावशी नुसती पदराचा काठ चोळत बसली होती.

तेवढ्यात बाबा उभे राहिले. बाबा कधी सभेत बोलत नाहीत, ग्रामसभेतही नाही. टोपी हातात धरून म्हणाले, "साहेब, बोंडअळी माह्या हातात हाय का नाही, तेवढं सांगा."

वक्ता हसला. म्हणाला, "काका, अळी तुमच्या हातात नाही, पण अळीकडे पाहण्याचा दृष्टिकोन तुमच्या हातात आहे."

टाळ्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या हो!

बाबा खाली बसले. आणि मला २०१७ची दिवाळी आठवली.

२०१७ काय होतं हे विदर्भातल्या लोकांना मी सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. पऱ्हाटी (कापसाची झाडं) कमरेच्या वर, हिरवीगार, झाडं बोंडांनी वाकलेली, पाहणाऱ्याला वाटावं यंदा मुलीचं लग्न (म्हणजे माझंच) निघतंय. बोंडाला बाहेरून काही दिसत नाही, कारण गुलाबी बोंडअळी एवढीशी असतानाच आत शिरते अन् छिद्र बुजून जातं. बाबा वावरात वेगवेगळ्या जागी फिरले, वीस झाडांची वीस हिरवी बोंडं तोडली, धुऱ्यावर बसले आणि एकेक बोंड अंगठ्याच्या नखाने फोडायला लागले. दोन ढिगल्या केल्या. मी बाजूला उभी होते. वीस झाल्यावर म्हणाले, "चौदा." बस, एवढंच. वीसात दोन सापडली तरी फवारणीची वेळ आली म्हणतात, इथे चौदा.

शेजारीपाजारी पंप घेऊन धावत होते, दोन-तीन औषधं एकत्र करून. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे २० माणसं गेली. बाबांनी फवारलं नाही. म्हणाले, "अळी बोंडाच्या आत हाय, फवारा बाहेर, मारतं कोनाले?" होता तेवढा कवडी (किडका, डागाळलेला) कापूस वेचला, डिसेंबरात वावरात मेंढ्या घातल्या, पऱ्हाटी उपटली, फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक ठेवून घेतलेला कापूस) घेतली नाही. लग्न पुढे गेलं. मला काय, मी तर खूशच होते, पण ते असो.

तर मला सांगा, स्टोइक कोण? कोटवाला की माझा बाप?

मी स्टोइक लोकांचं थोडंफार वाचलेलं आहे, ज्यांना वाटतं की बाईला नुसतं टीका करता येते त्यांच्यासाठी सांगते. एपिक्टेटस गुलाम होता, पायाने अधू होता, काही गोष्टी आपल्या हातात अन् काही नाहीत हे त्याचं म्हणणं. मार्कस बादशहा, त्याने एपिक्टेटस वाचला होता. पण मार्कसने जे लिहिलं ते वही काढून स्वतःसाठी लिहिलं, लढाईच्या तळावर, स्वतःलाच दटावत. प्रजेला हॉलमधे बसवून पोहे देऊन नाही. आपण आपल्याला 'सहन कर' म्हणणं वेगळं आणि ज्याला तुम्ही काही विकणार आहात त्याला 'सहन कर' म्हणणं वेगळं, हे सांगायला तत्त्वज्ञान लागतं का?

आणि त्या लोकांच्या चार मोठ्या गुणांत न्याय पण आहे. विवेक, धैर्य, संयम आणि न्याय. कोटवाल्याच्या स्लाइडवर तीनच होते, मी मोजले. नशिबात असेल तर बरं होईल, नसेल तर नाही, मग डॉक्टर कशाला बोलवायचा, असं म्हणणाऱ्याला त्या काळीच ख्रिसिपस नावाच्या स्टोइकाने झापलं होतं. त्या युक्तिवादाला नावच 'आळशी युक्तिवाद' पडलं. दोन हजार दोनशे वर्षं झाली अन् तोच युक्तिवाद आज आमच्याकडे गालाला माइक लावून आला.

हो, या विचाराने लोकांना आधार मिळतो हे मान्य. मनाच्या आजारावर आज जी बोलून उपचार करायची पद्धत आहे तिची मुळं तिथे आहेत, ती घडवणाऱ्यांतला अल्बर्ट एलिस तर एपिक्टेटसचं नाव घेऊनच बोलायचा. आमच्याकडे अशा उपचाराची किती गरज आहे ते मलाही कळतं. ठीक. पुढे.

आता डार्विन. इथे मात्र मी दहावीची विज्ञानाची मास्तरीण आहे त्यामुळे सोडणार नाही. 'बलवान तोच टिकतो' छापाचं जे इंग्रजी वाक्य डार्विनच्या नावावर फिरतं ते मुळात हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाचं, १८६४चं. डार्विनचा ग्रंथ १८५९चा, त्यात ते शब्द त्याने घेतले पाचव्या आवृत्तीत, १८६९ला. आणि त्यातही बलवान कुठेच नाही, आहे तो जुळणारा, त्या जागेला त्या वेळेला जुळणारा. आमच्या पोरांना मी जिराफ शिकवतच नाही. जिराफ कोणी पाहिलाय इथे? मी बोंडअळी शिकवते.

बीटी कापूस आपल्याकडे २००२ला आला. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक, त्याचं प्रथिन अळीच्या पोटात गेलं की अळी मरते. २००६ला दोन जनुकांचं बियाणं आलं. लाखो अळ्या मेल्या, पण त्या लाखांत चारदोन अशा होत्या की ज्यांच्यावर त्या प्रथिनाचा परिणाम होत नव्हता. त्या काही बलवान नव्हत्या हो, पैलवान अळी नव्हती ती, नुसती वेगळी होती. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचीच पिल्लं झाली, आणि ही अळी आपल्याकडे जवळपास कापसावरच जगते, दुसरीकडे जातच नाही, म्हणून पिढ्यान्पिढ्या तीच छाटणी चालली. पंधरा वर्षांत बाबांच्या अंगठ्याखाली वीसात चौदा. २०१८ला एक केंद्रीय राज्यमंत्री औरंगाबादला येऊन म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, डार्विन चूक. साहेब, माणसाचं राहू द्या, त्याच्या दोनतीन महिने आधी आमच्या धुऱ्यावर आले असते तर अळीचं दाखवलं असतं. २०२३ला सीबीएसईच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली तेव्हा देशातल्या अठराशेवर वैज्ञानिक-शिक्षकांनी पत्र लिहिलं, मी तेव्हा इथे पोस्ट टाकली होती, सतरा लाइक आले होते. असो.

इथे एक गोष्ट लिहायची की नाही असा विचार करत होते. लिहिते.

बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं साध्या, बिगरबीटी बियाण्याचं पाकीट यायचं. ते वावराच्या कडेने लावायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग त्या वेगळ्या अळ्यांच्या पतंगांशी जुळतील अन् पुढची पिढी पुन्हा बीटीने मरेल. साधी आयडिया. आमच्या घरी त्या पाकिटाचं काय व्हायचं? फेकून द्यायचो. बाबांना वाटायचं भेसळ आहे, कंपनी कमी माल देऊन वजन भरते. आणि मी? मी तेव्हा बीएस्सी करत होते! मला कागदावर सगळं माहीत होतं. पाकिटं उकिरड्यावर पडलेली मी डोळ्याने पाहिली अन् मला काही सुचलं नाही. त्या चौदा बोंडांत आमचं पण एक-दोन बोंड असेल.

पण म्हणूनच तो रकाना डोक्यात गेला माझ्या. 'अळी हातात नाही.' कोणाच्या हातात नाही? माझ्या बापाच्या एकट्याच्या हातात नाही, खरं आहे. पण सगळ्यांच्या मिळून? अमेरिकेने २०१८ला गुलाबी बोंडअळी आपल्या कापसातून संपल्याचं जाहीर केलं. तेच बीटी वापरलं, सोबत कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, आणि शेतकरी, सरकार, वैज्ञानिक सगळे वर्षानुवर्षं एका दावणीला. अळी तीच. त्यांनी काय अळीकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला होता का? (हो, त्यांची शेती वेगळी, पैसा वेगळा, आमच्या पाच एकराच्या तुकड्यांना ते जसंच्या तसं लागू होत नाही, कमेंटमधे सांगू नका.) एकट्याच्या हातात नाही पण दहा जणांच्या हातात आहे असा तिसरा रकाना असतो, आणि तो रकाना खोडला की ज्यांनी काहीतरी करायला पाहिजे होतं ते सगळे सुटतात. बियाणं विकणारे सुटतात, तपासणारे सुटतात, फेकणारे आम्ही पण सुटतो. राहतो कोण, तर धुऱ्यावर बसलेला एक माणूस अन् त्याचे विचार.

आता शेवटचा अंक. कार्यक्रम संपल्यावर दारातच टेबल. एक लिटरची बाटली, मातीच्या 'सुप्त लहरी' जाग्या करते, क्वांटम का काय ते, झाड आतून कणखर होतं, अळी फिरकत नाही. मी विचारलं, समजा नाही झालं तर? पोरगा पटकन म्हणाला, मॅडम, शंका ठेवून टाकलं तर लहरी पकडत नाही. पाठ होतं त्याला ते.

झालं की! पीक आलं तर बाटलीमुळे, नाही आलं तर माझ्या मनामुळे. कार्ल पॉपर नावाच्या तत्त्वज्ञाने हेच सांगितलं होतं, जे कुठल्याच परिस्थितीत खोटं ठरू शकत नाही ते विज्ञान नव्हे. सगळं काही या एका फुटपट्टीने मोजता येत नाही म्हणा, त्यावर तत्त्वज्ञांची भांडणं आहेत. आणि गंमत म्हणजे पॉपरने एकेकाळी डार्विनलाच या फुटपट्टीवर नापास करत आणलं होतं, म्हणाला याची नीट परीक्षा घेता येत नाही. नंतर १९७८मधे छापून कबूल केलं की माझं चुकलं. स्टोइक लोक तरी काय, ते शकुन अन् भविष्य खरं मानायचे, आजच्या स्टोइकांनी ते सोडून दिलं. मला माणसं अशी आवडतात. बाटलीवाला कधी म्हणेल का की मागच्या हंगामात आमचं चुकलं? बाबांना बोंड फोडायच्या आधी माहीत नव्हतं चौदा निघतील की शून्य. शून्य निघाली असती तर शून्य म्हणाले असते.

हे सगळं डोक्यात घेऊन मी स्कूटीजवळ आले तर बाबांच्या हातात पिशवी. पिशवीत बाटली.

मी रस्त्यातच ओरडले हो त्यांच्यावर. साडेतीनशे रुपये! त्या माणसाने भर सभेत तुम्हाला येडं काढलं आणि तुम्ही त्याचीच बाटली घेता? येणारेजाणारे पाहत होते. बाबा गप्प मागे बसले. अर्ध्या रस्त्यात मलाच वाईट वाटलं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, चौदा म्हटल्यावर जो रडला नाही.

वावराच्या फाट्यावर म्हणाले, थांबव वं माय. उतरले. पऱ्हाटी पात्यांवर (कळ्यांवर) आहे आता, फुलं नुकती लागतायत. सापळ्यात पतंग किती पाहिले, दोन. फुलं चाळली, डोमकळी, म्हणजे आत अळी असलेलं न उमलणारं फूल, सापडली नाही एकही. मग म्हणाले, "पऱ्हाटीचे दहा तास, दहा ओळी, घेऊ. पाचावर बाटली, पाचावर साधं पानी. दिवाळीले वीस-वीस बोंडं फोडू."

मी म्हटलं, मग कोणत्या तासावर काय टाकलं ते मी ठरवणार, तुम्हाला सांगणार नाही. नाहीतर तुम्ही बाटलीवाल्या तासाचं निंदण जास्त कराल.

बाबा जरा वेळ पऱ्हाटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बराबर हाय. अन् बोंडं तोडाले येतीन त्या बायाइलेही सांगू नको."