टीबीचा कोर्स चालू आहे, म्हणून शुगरच्या गोळ्या सोडू नका

सध्या एक मेसेज ग्रुपवर फिरतोय. त्याचा सारांश असा: टीबीचा कोर्स चालू असेपर्यंत शुगर-बीपीच्या गोळ्या बंद ठेवा, दोन्ही औषधं उष्ण पडतात, एकत्र घेतली की किडनी जाते. टीबी बरा झाला की शुगर आपोआप उतरते, तोवर पथ्य सोडा आणि भरपूर खा. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पेशंट हा मेसेज दाखवून विचारतात, "मग सोडू का गोळ्या?" न विचारताच सोडणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

आधी किडनीचं. टीबीच्या कोर्समधलं रिफाम्पिसिन हे औषध सुरू झालं की लघवी केशरी-लालसर होते, घामालाही रंग येतो. ते बघून माणूस हबकतो. पण तो निव्वळ औषधाचा रंग आहे. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं वाढलेली शुगर आणि बीपी, म्हणजे गोळ्या सोडल्याने धोका वाढतोच. किडनी आधीपासून अधू असेल तर मात्र पहिल्याच दिवशी सांगा, टीबीच्या काही औषधांचं प्रमाण बदलावं लागतं.

शुगर आपोआप उतरते, हे थोडंसं खरं आहे. टीबीच्या ताणाने काहींची शुगर तात्पुरती चढते आणि उपचारांनंतर खाली येते, म्हणून ती पुन्हा तपासायची असते. दहा वर्षांचा जुना मधुमेह असा जात नाही. उलट मधुमेहामुळे टीबी होण्याचा धोका दोन ते तीन पट वाढतो, आणि शुगर आटोक्यात नसेल तर टीबी उलटण्याचा आणि जीव जाण्याचाही. प्रत्येक टीबी पेशंटची शुगर तपासायची ती याचसाठी.

भरपूर खा, हे बरोबर. पण गूळ, केळी, ग्लुकोजची बिस्किटं नकोत. अंडी, डाळ, मोडाची कडधान्यं, शेंगदाणे खा. टीबी पेशंटच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे पैसे, जे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १००० रुपये झाले, त्यातून हेच घ्यावं.

आता मुख्य मुद्दा, एकत्र घेण्याचा. या औषधांचा एकमेकांवर परिणाम होतो, पण मेसेज म्हणतो त्याच्या उलट. रिफाम्पिसिनमुळे यकृत बाकीच्या बऱ्याच औषधांचा निचरा भराभर करतं. शुगरच्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, बीपीची अम्लोडिपिन, सगळ्यांचा असर कमी होतो. म्हणजे गोळी घेऊनही शुगर चढू शकते. अशा वेळी डॉक्टर डोस वाढवतात, गोळी बदलतात किंवा इन्सुलिन देतात. शुगरच्याच मेटफॉर्मिन या गोळीला फारसा फरक पडत नाही. टीबीच्या आयसोनियाझिडने आणि मधुमेहाने, दोन्हींनी हातापायांना मुंग्या येतात, आयसोनियाझिडने होणारा त्रास टाळायला बी-६ जीवनसत्त्वाची गोळी मिळते. तीही चुकवू नका.

बऱ्याच ठिकाणी टीबीची नोंद एका टेबलावर आणि शुगर-बीपीची दुसऱ्या टेबलावर असते. तुम्ही दाखवल्याशिवाय एका टेबलाला दुसऱ्याचं कळत नाही. दोन्ही कार्डं एकाच पिशवीत आणा.

आणि कोर्स संपला की "सुटलो एकदाचे" म्हणून येणं थांबवू नका. रिफाम्पिसिनचा हा परिणाम साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर शुगर एकदम खाली जाते. म्हणून त्या पंधरवड्यात शुगर तपासून घ्या. दरदरून घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर खा आणि तडक केंद्रात या.