‘ओपन सोर्सला मालक नसतो’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

सॉफ्टवेअरवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत आणि लिंक्डइनवर एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा गाभा असा : ओपन सोर्स कोड (सगळ्यांना वाचायला-वापरायला खुला असलेला, प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर) लेखकाने स्वतःहून उघड्यावर ठेवलेला असतो, म्हणजे त्याने हक्क सोडलेला असतो. जीपीएल (प्रत वाटायची तर तिचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्या, असं सांगणारा परवाना) वगैरे लायसन्स म्हणजे नुसत्या विनंत्या, कोर्टात त्या टिकत नाहीत. गूगलने जावा (प्रोग्रामिंगची एक भाषा) उचललं तरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. लिनक्स (संगणक चालवणारी प्रणाली) तर मुळातच युनिक्स या जुन्या प्रणालीवरून चोरलेलं, म्हणूनच आयबीएमला शेवटी पैसे मोजावे लागले. भारतात यातलं काहीच लागू होत नाही, तेव्हा बिनधास्त घ्या. फक्त जीपीएलपासून लांब राहा, कारण त्याची एक ओळ शिरली तरी कंपनीचा सगळा कोड उघडा करावा लागतो.

यातला दुसरा दावा आणि शेवटचा दावा शेजारी ठेवून पाहा. जे लायसन्स कोर्टात टिकत नाही, तेच म्हणे कंपनीचा सगळा कोड उघडा करायला लावतं! हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, पुढे ढकलणाऱ्यांच्याही नाही. पण ढकलणाऱ्यांत प्रोजेक्ट चालवणारी, क्लायंटला माल पाठवणारी अनुभवी मंडळी दिसतात. म्हणून एकेक दावा घेऊ.

आधी ‘हक्क सोडला’ हा. कॉपीराइट मागावा लागत नाही, नोंदवावाही लागत नाही. कोड लिहिला की तो लागू होतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतींमध्ये गणले आहेत. आणि हक्क सोडायचाच असेल, तर त्यासाठी कलम २१ मध्ये वेगळी वाट आहे : रजिस्ट्रारला ठरावीक नमुन्यात कळवायचं किंवा जाहीर सूचना द्यायची. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्या-वाटण्याच्या संकेतस्थळावर, कोड चढवणं म्हणजे अशी सूचना नव्हे. खरोखर हक्क सोडलेलं सॉफ्टवेअर असतं कसं, हे पाहायचं तर एसक्यूलाइट हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर बघा. ते सार्वजनिक मालकीचं आहे, असं त्याच्या लेखकांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे. बाकी लिनक्स, फायरफॉक्स, पोस्टग्रेस या सगळ्यांना मालक आहेत, काहींना तर हजारोंनी. अगदी दोन-तीन परिच्छेदांचं एमआयटी लायसन्ससुद्धा कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायला सांगतं. मालक नसता तर ही अट घातली कोणी?

कोर्टात टिकत नाही, हा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो. त्याच्या भरवशावर माणसं माल बाजारात आणतात.

हाराल्ड वेल्टे हे लिनक्सच्या नेटफिल्टर या फायरवॉलच्या लेखकांपैकी एक. सायटेकॉम नावाची कंपनी विकत असलेल्या राउटरमध्ये नेटफिल्टर होतं, पण सोबत ना जीपीएलची प्रत होती, ना सोर्स कोड मिळण्याची सोय. वेल्टे म्युनिकच्या न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये न्यायालयाने कंपनीविरुद्धचा मनाई हुकूम कायम केला. त्यामागचा तर्क प्रत्येक प्रोग्रामरने एकदा तरी समजून घ्यावा असा आहे. जीपीएल अवैध आहे, असं घटकाभर धरून चालू. मग कंपनीकडे कोड वाटायची परवानगी कुठली उरली? परवानगी देणारा कागद तेवढाच होता. तो फाडला की कोड तुमचा होत नाही, उलट त्याला हात लावायचाही हक्क जातो. जीपीएल कॉपीराइटच्या विरोधात आहे, ही समजूत इथेच कोसळते. कॉपीराइट कायदा काढून घेतला, तर जीपीएलच्या अटी पाळायला लावणारं काहीच उरणार नाही.

अमेरिकेत हा प्रश्न धसाला लागला तो मात्र खेळण्यातल्या आगगाड्यांवरून. बर्कलीतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन आणि त्यांच्यासारखे हौशी लोक मॉडेल रेल्वे संगणकावरून चालवण्याचं सॉफ्टवेअर लिहून फुकट वाटत होते. याच धंद्यातल्या मॅथ्यू कॅट्झर यांनी त्यांना आपल्या पेटंटच्या नावाने दोन लाख डॉलरहून मोठ्या रकमेची बिलं धाडली. फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरबद्दल! जेकबसन २००६ मध्ये कोर्टात गेले. पुढे दिसून आलं, की कॅट्झर यांच्या उत्पादनात जेकबसन यांच्याच प्रकल्पातल्या फायली होत्या आणि त्यांवरची लेखकांची नावं, कॉपीराइटच्या सूचना, लायसन्सचा उल्लेख हे सगळं गायब होतं.

खालच्या न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं, की हा फार तर कराराचा भंग. वरवर हा फरक वकिली वाटतो, पण सगळा खेळ तिथेच आहे. कराराचा भंग म्हटला, की प्रश्न येतो ‘तुमचं नुकसान किती?’ आणि फुकट वाटलेल्या वस्तूवर नुकसान दाखवणार कसं? कॉपीराइटचा भंग म्हटला, तर मनाई हुकूम मागता येतो आणि गोष्ट निराळी होते. वॉशिंग्टनच्या फेडरल सर्किट न्यायालयाने ऑगस्ट २००८ मध्ये खालचा निर्णय फिरवला. नावं आणि सूचना ठेवण्याच्या लायसन्समधल्या या अटी शोभेच्या नाहीत, परवानगी त्यांच्यावरच अवलंबून आहे. त्या मोडल्या तर परवानगीच्या कुंपणाबाहेर गेलात. लेखकाने मोबदला डॉलरमध्ये न मागता श्रेयात आणि बदलांच्या नोंदीत मागितला, म्हणून कायद्याने त्याला कमी लेखायचं कारण नाही, असंही न्यायालयाने म्हटलं. खटला पुढे रेंगाळला, मनाई हुकूम लगेच मिळाला नाही. पण २०१० मध्ये तडजोड झाली, तेव्हा कॅट्झर यांनी एक लाख डॉलर द्यायचं मान्य केलं.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये बिझीबॉक्स या जीपीएलखालच्या छोट्या सॉफ्टवेअरपायी वेस्टिंगहाउस डिजिटल या टीव्हीवाल्या कंपनीवर ९० हजार डॉलरची भरपाई बसली. फ्रान्समध्ये आँत्रूव्हेर या लहान कंपनीने आपल्या जीपीएलखालच्या कोडवरून ऑरेंजसारख्या दूरसंचार क्षेत्रातल्या राक्षसाला २०११ मध्ये कोर्टात खेचलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने सहा लाख युरोंहून जास्त रक्कम द्यायला लावली.

लायसन्सच्या बाजूचे लोक हरलेही आहेत, तेही सांगतो. लिनक्सचे एक लेखक ख्रिस्टोफ हेलविग यांचा व्हीएमवेअर या सॉफ्टवेअर कंपनीविरुद्धचा दावा हॅम्बुर्गच्या न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळला, २०१९ मध्ये अपीलही. पण कारण पाहा : नेमका तुमचा कोड कोणता आणि तो त्यांच्या मालात कुठे आहे, हे पुरेसं दाखवलं नाही. जीपीएल कुचकामी आहे, असं कोणी म्हटलं नाही. त्या मजकुराच्या लेखकाने ‘टिकत नाही’ऐवजी ‘वेळ फार लागतो, पुरावा मांडणं अवघड असतं आणि एकट्यादुकट्या प्रोग्रामरला ते परवडत नाही’ असं लिहिलं असतं, तर मी मान डोलावली असती. आँत्रूव्हेरसारखी तेरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढायची ताकद किती जणांत असते?

आता गूगल. ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने २०१० मध्ये जावा बनवणारी सन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये जावाच्या ओळी घेतल्यावरून गूगलवर दावा लावला. दोनदा ज्युरी, दोनदा अपील असं करत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ५ एप्रिल २०२१ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी गूगल जिंकली, हे खरं. पण वाद सुमारे ११,५०० ओळींचा होता, तोही फंक्शनची नावं आणि मांडणी जाहीर करणाऱ्या ओळींचा. प्रत्यक्ष काम करणारा कोड गूगलने स्वतः लिहिला होता. जावाचा तो सगळा पसारा २८ लाख ६० हजार ओळींचा, म्हणजे घेतलेला भाग अर्धा टक्कासुद्धा नाही. असल्या ओळींवर कॉपीराइट असतो की नाही, हा प्रश्न न्यायालयाने मुद्दाम बाजूला ठेवला. असतो असं धरलं, तरी हा वापर अमेरिकी कायद्यातल्या ‘न्याय्य वापरा’त बसतो, एवढंच ठरवलं. यावरून ‘कोड उचलणं कायदेशीर’ असा अर्थ काढणाऱ्यांनी निकाल वाचलेला नाही. गंमत म्हणजे सनने जावा जीपीएलखाली खुलं केलंच होतं. तो रस्ता गूगलने तेव्हा धरला नाही. खटला चालू असतानाच, २०१६ च्या अँड्रॉइडपासून, मात्र ओपनजेडीके, म्हणजे जावाची तीच जीपीएलखालची आवृत्ती, घेतली.

आयबीएमची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात दम कमी आणि धुरळा जास्त. एससीओ या कंपनीने मार्च २००३ मध्ये दावा लावला : युनिक्सचा आमचा कोड आयबीएमने लिनक्समध्ये घातला. मागणी एक अब्ज डॉलरपासून सुरू होऊन पाच अब्जांपर्यंत चढली. नेमक्या कोणत्या ओळी ते दाखवा, असं म्हटल्यावर त्यांना नीट दाखवता येईना आणि यातले बरेच आरोप न्यायालयाने तिथेच गाळले. तेवढ्यात दुसऱ्या खटल्यात निघालं, की युनिक्सचे कॉपीराइट एससीओकडे नव्हतेच, नॉव्हेल या दुसऱ्या कंपनीकडे होते. न्यायाधीशांनी ते २००७ मध्ये सांगितलं, ज्युरीने २०१० मध्ये सांगितलं, अपील न्यायालयाने २०११ मध्ये शिक्का मारला. मधल्या मध्ये एससीओने दिवाळखोरी जाहीर केली. २०२१ मध्ये आयबीएमने १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. तोवर अपिलातून जिवंत राहिलेला मुख्य मुद्दा आयबीएमच्या एआयएक्स या स्वतःच्या प्रणालीत वापरलेल्या कोडबद्दलचा होता. त्या पैशांतून लिनक्सची चोरी सिद्ध करणं म्हणजे बादरायण संबंध.

‘भारतात लागू नाही.’ का नाही? ज्या निकालांचे दाखले देता येतात ते बहुतेक परदेशी आहेत, एवढं मान्य. पण कायदा इथेही आहे. परदेशी लेखकाचा कॉपीराइट आंतरराष्ट्रीय करारांमुळे इथेही चालतो. कलम ५५ खाली मनाई हुकूम, भरपाई, नफ्याचा हिशेब मागता येतो. कलम ६३ब तर फौजदारी आहे : बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. व्यापारी वापर नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकतं.

भारतीय कायद्यात एक खरा पेच आहे, जो या मजकुराच्या गावीही नाही. कलम १९ म्हणतं, हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरावा. कलम ३०अ मुळे हे नियम योग्य त्या फेरबदलांसह परवान्यांनाही लावायचे असतात. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत मुदत स्पष्ट आहे, कॉपीराइट असेपर्यंत. दुसऱ्या आवृत्तीत आणि एमआयटीमध्ये मुदतच लिहिलेली नाही. यावर वकिलांना मनसोक्त भांडता येईल. पण वापरणाऱ्याने यात खूश व्हायचं कारण नाही. मुदत संपली असं ठरलं, तर जाईल ती त्याचीच परवानगी.

फुकट मिळणाऱ्या वस्तूलाही अटी असतात, या मुद्द्यावर मराठीत डीटीपी करणाऱ्यांसाठी एक जवळचं उदाहरण. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका हे फॉन्ट आपण फुकट वापरतो. दोन्हींना ओपन फॉन्ट लायसन्स आहे. त्यात पुस्तक छापा, लोगो करा, पैसे कमवा, सगळं चालतं. पण नुसता फॉन्ट विकायला ठेवता येत नाही आणि बदल करून तो दुसऱ्या लायसन्सखाली काढता येत नाही. ‘५०० मराठी फॉन्टचा पॅक’ असल्या जाहिराती दिसल्या, की मला आधी हेच आठवतं.

राहिली ‘एक ओळ शिरली की सगळा कोड उघडा’ ही विषाणूसारखी भीती. तिला वंशावळ आहे : मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं. (त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलर मोजून गिटहब घेतलं, ते असो.) वर सांगितलेल्या खटल्यांमध्ये काय झालं ते पुन्हा पाहा. कुठे मनाई हुकूम, कुठे भरपाई, कुठे तडजोड. व्हीएमवेअरने तर जिंकल्यावरही तो वादग्रस्त भाग काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. यांपैकी एकाही न्यायालयाने कंपनीला ‘तुमचा सगळा कोड जगाला द्या’ असं सांगितलेलं नाही. अटी मोडणाऱ्यापुढे पर्याय असतात : तो भाग काढा, अटी पाळून त्या भागाचा सोर्स द्या, किंवा भरपाई भरा. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत तर पहिल्यांदाच नोटीस मिळालेल्याने तीस दिवसांत चूक सुधारली, तर गेलेले हक्क परत मिळतात.

आणि कंपनीच्या आत, स्वतःच्या कामापुरतं जीपीएल सॉफ्टवेअर वापरलं, बदललं, तर कोणाला काही द्यावं लागत नाही. जबाबदारी सुरू होते ती प्रत बाहेर गेली की : क्लायंटला दिली, राउटरमध्ये भरून विकली, ॲपमध्ये घालून वाटली. अपवाद एजीपीएल या जीपीएलच्या भावंडाचा. त्यात बदललेलं सॉफ्टवेअर सर्व्हरवर ठेवून लोकांना नेटवरून वापरू दिलं, तरी त्यांना सोर्स द्यावा लागतो. हे दोन नियम माहीत असले, तर बैठकांमधला बराच आरडाओरडा वाचेल.

ज्या रेपोत (कोड ठेवलेल्या फोल्डरात) लायसन्सची फाइलच नाही, ती या लोकांना सगळ्यांत मोकळी वाटते. प्रत्यक्षात तिथे परवानगी सगळ्यांत कमी असते. गिटहबच्या नियमांनुसार तुम्ही तो कोड पाहू शकता, गिटहबवरच फोर्क (स्वतःची प्रत) करू शकता. आपल्या उत्पादनात घालायचा असेल, तर लेखकाला विचारायला हवं. अनेक जण दोन ओळींच्या मेलला उत्तर देतात आणि एमआयटीची फाइल टाकून मोकळे होतात.