गौहरबाईंची एनओसी

काल सकाळी साडेदहाला बेल वाजली तेव्हा ग्रामोफोनवर गौहरबाई गात होत्या आणि शेजारच्या प्लॉटवरचा ब्रेकर त्यांना ठेका देत होता.

दारात आमच्या पुनर्विकास समितीतले एक काका. नाव सांगत नाही, जिन्यात रोज तोंड दाखवायचं आहे. एका हातात फाइल, दुसऱ्यात फोन आणि फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप.

"ग्रुपवर तुमची तक्रार आलीय. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल चालतं. तुमचं ८८ आहे."

"काका, तो ब्रेकर आहे."

काकांनी फोन खिडकीबाहेर धरला. ९२. मग आत येऊन थेट ग्रामोफोनच्या कर्ण्यात घातला. ८८. "हे बघा!"

"ब्रेकर थांबल्यावर मोजा की."

"तो कशाला थांबेल? तो डेव्हलपमेंटचा आवाज आहे. हा तुमच्या हौसेचा."

एवढ्यात ब्रेकरवाल्यांचा चहा आला. अचानक सामसूम झाली. नेमकी तेव्हाच तबकडी संपत आली आणि गौहरबाईंनी ठणकावून सांगितलं, "माय नेम इज गौहर जान!"

काका दोन पावलं मागे सरले. आतल्या खोलीकडे बघत, आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "कोण आहेत आत?"

आता खरं तर मी सांगायला हवं होतं की १९०२ साली कलकत्त्यात ही बाई पहिल्यांदा रेकॉर्डिंगला बसली, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या, आणि तिथल्या माणसाला लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून गाणं संपताच गाणाऱ्यानं नाव पुकारायचं. साडेतीन मिनिटांच्या आत राग, बंदिश, ताना आणि वर स्वतःची ओळख. आमच्या सभेत नुसतं मागचं इतिवृत्त वाचायला चाळीस मिनिटं लागतात. पण मी एवढंच म्हणालो, "गौहरबाई."

"इथेच राहतात?"

"हो, दहाएक वर्षं झाली. जुन्या बाजारात भेटल्या."

काकांनी चष्मा नीट केला. "शेअर सर्टिफिकेटवर तर तुमचं एकट्याचंच नाव आहे. भाडेकरू का?"

"छे. गाण्यापुरत्याच असतात."

"म्हणजे क्लास? मग हा कमर्शियल वापर झाला. पोलीस व्हेरिफिकेशन केलंय?"

"काका, त्या १९३० साली म्हैसूरला वारल्या."

काकांनी शांतपणे पेनाचं टोपण काढलं. "मग वारसांची एनओसी लागेल."

मी हसलो. काका हसले नाहीत. फाइल उघडून त्यांनी माझं संमतीपत्र पुढे केलं, तेव्हा कळलं की डेसिबल हे निमित्त होतं.

बिल्डिंग पाडायला हवी हे मलाही दिसतं. पार्किंगच्या स्लॅबमधून सळया डोकावताहेत, पावसाळ्यात आमच्या मोरीच्या भिंतीला ओल येते. राग त्याचा नाहीच. तीन सभा झाल्या. कारपेट एरिया, कॉर्पस, कुणाला कुठलं पार्किंग, सगळ्यावर भांडून झालं. मी लेखी दोनच गोष्टी विचारल्या होत्या: कामाच्या आवाजाच्या वेळा कोण ठरवणार, आणि लाखेच्या दोनशे तबकड्या दोनदा हलवायच्या तर फुटतील त्याचं काय. लाखेची तबकडी हातातून निसटली की संपली, तिला डागडुजी नाही. इतिवृत्तात याची नोंद अशी झाली: 'एका सभासदाने जुन्या सामानाविषयी शंका विचारली.'

जुनं सामान!

"शिफ्टिंगचे पैसे मिळतातच की," काका म्हणाले. "टेम्पोत मावेल सगळं."

"आणि मी सही नाही केली तर?"

"नका करू. आता ५१ टक्के पुरतात. ते कधीच झाले."

"मग आलात कशाला?"

"तक्रार होती ना आवाजाची," काका म्हणाले आणि उठले. बाहेर चहा संपला होता. चपला घालता घालता त्यांनी आणखी काहीतरी सांगितलं, ते ब्रेकरमुळे ऐकू आलं नाही. मी पिन बदलली आणि तबकडीची दुसरी बाजू लावली. गौहरबाईही ऐकू आल्या नाहीत.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला: 'बी विंग, फ्लॅट ११. नोंद नसलेली रहिवासी १ (महिला). चौकशी चालू आहे.'

खाली सात अंगठे. त्यातला एक माझ्या बायकोचा.