टर्बोआधी इंजिनाची तब्येत पाहावी

जुन्या ट्रॅक्टरला टर्बोचार्जर बसवला की ताकद आपोआप वाढते, हे एका लेखात वाचलेले विधान अपुरे वाटते. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या (जळून बाहेर पडणाऱ्या) वायूंच्या जोरावर फिरणारा पंखा; तो इंजिनाला केवळ जादा हवा पुरवतो. ताकद वाढते ती डिझेल पंपाची सेटिंग वाढवून जादा डिझेल सोडल्यावर, आणि तेव्हाच पिस्टन, हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचे सील) व क्लच यांच्यावर मूळ रचनेत न धरलेला भार येतो. पंपाला हात न लावता टर्बो बसवल्यास काळा धूर व एक्झॉस्टचे तापमान कमी होते; माझ्या मते जुन्या इंजिनाला एवढा लाभ पुरे. आमच्या नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि नेमकी त्याच दिवसांत भारी काळ्या जमिनीत खोल नांगरणी चालते, त्यामुळे इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर आधी तपासावा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो व इंजिनाच्याच ऑइलवर तरंगतो. म्हणून पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, ऑइल प्रेशर मुळातच कमी असलेल्या इंजिनाला तो बसवणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, उतरवणे होय. शिवाय काम संपल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे आयडलवर (बिनभाराच्या मंद गतीवर) ठेवूनच बंद करावे लागते, अन्यथा तापलेल्या बेअरिंगमधील ऑइल जळते. आमच्या चालकांना ही सवय लावणे टर्बो बसवण्याहून अवघड आहे.