खुलासा : ‘शाश्वत’ शेती म्हणजे न बदलणारी शेती नव्हे

आपल्या गावच्या शेतकरी ग्रूपवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतो आहे : ‘शाश्वत म्हणजे कधीच न बदलणारे. म्हणून शाश्वत शेती म्हणजे ज्या वावरात कापूस, तिथे दरसाल कापूसच.’ हे चूक आहे, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर नुकसान करणारं आहे.

‘शाश्वत सत्य’ म्हणतो तेव्हा न बदलणारं हा अर्थ बरोबर. शेतीत मात्र हा शब्द ‘टिकून राहणारी’ या अर्थाने आला. १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातला (संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचा विकासावरचा अहवाल) विचार तोच : आजची गरज भागवायची, पण पुढच्या पिढीच्या ताटातलं ओढून नाही. आणि वावर टिकवायचं तर पीक बदलावंच लागतं. तुरीचं झाड हलक्या हाताने उपटून पाहा, मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणजे पिकाचं खतच; त्याचा फायदा वावरालाही होतो. आपले म्हातारे कपाशीत तुरीचं तास टाकत, ते उगाच नाही.

अशा शब्दांची अदलाबदल करू नये. जागचा हलत नाही तो अढळ. संपत नाही ते अक्षय, म्हणून आखाजीची अक्षय तृतीया. ‘कायम’ तर फारच सैल. ‘सालगडी त्यांच्याकडे कायम आहे’ म्हणतो, पण बोली दर पाडव्याला नव्याने होते.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी हाही त्याच ग्रूपवर टाकावा. पेरणी व्हायच्या आत.