गुंड्याला बेदाणे नकोत, आणि टक्कलही नको

गेल्या रविवारी इंदिरानगरला मावशीकडे गेले तर गुंड्या सोफ्याखाली दडलेला. ओढून बाहेर काढला. डाव्या अंगाला टक्कल, उजव्या अंगाला स्वेटर आणि पोटापाशी ट्रिमरचा लालभडक चट्टा. गुंड्या म्हणजे तीन किलोचा यॉर्कशायर टेरियर, नावापुरताच गुंड. "अगं, तूच म्हणतेस ना, घरी कापता येतात केस? तेच तर केलं," म्हणत मावशीने मोबाइल माझ्यापुढे धरला.

मोबाइलवर तोच मेसेज, जो मला त्या आठवड्यात आणखी तीन ग्रुपवर आला होता. 'उन्हाळ्यात पार्लरचे हजार रुपये वाचवा, घरीच टेरियर कापा.' मुद्दे सात. सगळे केस भादरा, अंगाला मोकळा घाम सुटतो आणि कुत्रा गार राहतो. आधी अंघोळ घाला, मग ओल्या केसांवर कात्री चालवा. दाढीचा ट्रिमर चालतो. गोचिडांवर रॉकेलचा बोळा फिरवा. कानातले केस चिमट्याने उपटा. नखांचा पांढरा भाग कापा. आणि कुत्रा हलायला लागला की मूठभर बेदाणे पुढे ठेवा, म्हणजे तो खाण्यात गुंततो.

या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्यांनी कुत्रा विद्रूप होईल, याने मरेल.

नाशकात द्राक्षांच्या दिवसांत द्राक्षं विकत कोण आणतं? दिंडोरीचे पाहुणे, निफाडची आत्या, पिंपळगावचा मित्र, कुणीतरी पेटी ठेवून जातंच. त्यामुळे कुत्र्याला द्राक्षं घालू नका म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: "आमच्या मळ्यातला मोती घडच्या घड खातो, त्याला कुठं काय होतं?" नसेल होत. नेमकं हेच कोडं पशुवैद्यांना वर्षानुवर्षं सुटत नव्हतं. एक कुत्रा पसाभर खाऊन शेपूट हलवत फिरतो, आणि दुसऱ्याच्या किडन्या मूठभर बेदाण्यांनी निकामी होतात. मग अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांना एक धागा सापडला. मुलांसाठी घरी मळलेल्या खेळण्याच्या कणकेत क्रीम ऑफ टार्टर (केक-बिस्किटांत घालतात ती आंबट पूड) असतं, आणि ते पोटात गेलेल्या कुत्र्यांच्या किडन्या अगदी तशाच बिघडत होत्या. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांचंही तेच. या सगळ्यांत समान काय, तर टार्टारिक आम्ल. २०२२ साली प्राण्यांच्या तातडीच्या उपचारांना वाहिलेल्या एका शास्त्रीय नियतकालिकात त्यांनी हे मांडलं. द्राक्षात हे आम्ल भरपूर असतं, पण वाणाप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे कमीजास्त होतं. मोती वाचला असेल तर त्यात मोतीची किंवा मालकाची काही हुशारी नाही. बेदाण्यात तर पाणी उडून गेलेलं असतं आणि आम्ल जागच्या जागी, म्हणजे तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त. आणि मेसेजवाला ते मूठभर घालायला सांगतो, तेही तीन किलोच्या जिवाला!

खाल्लेच असतील तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन लावा. बहुतेक वेळा पहिल्या दिवसातच उलट्या होतात, कुत्रा मलूल पडतो, जेवणाकडे बघत नाही. किडन्यांचा घोळ त्यानंतर एकदोन दिवसांत कळतो, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. मावशीकडचे बेदाणे शिऱ्यात संपले होते म्हणून तिने गुंड्याला भाकरीचा तुकडा दाखवला. एवढ्यावर निभावलं. त्याला गुंतवायचंच असेल तर गाजराचे बारीक तुकडे नाहीतर बिनमिठाचं उकडलेलं चिकन घ्या.

आता टक्कल. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येतच नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी कामाच्या आहेत त्या पंजाच्या गाद्यांमध्ये, आणि तेवढ्याने अंग गार होत नाही. तो गार होतो तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून. भादरून 'मोकळा घाम' सुटणार तरी कुठून? उलट एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात उघडी कातडी भाजते.

पण एक गोष्ट कबूल करावी लागते, नाइलाजाने. यॉर्कीच्या अंगावर बऱ्याच कुत्र्यांसारखा खालचा लोकरी थर नसतो, त्याचे केस माणसासारखे रेशमी आणि वाढतच जाणारे. त्यामुळे उन्हाळ्यात ते आखूड केले तर बिघडत काही नाही, गुंतेही कमी होतात. मी स्वतः बोटाच्या पेराएवढे ठेवून कापते. आखूड करणं वेगळं आणि कातडीपर्यंत भादरणं वेगळं, एवढंच. आणि 'टेरियर' म्हणून सगळ्यांना एक नियम लावता येत नाही. फॉक्स टेरियर किंवा वेस्टीसारख्या राठ, दुहेरी केसांच्या जातीवर मशीन फिरवलं की केस मऊ होतात, रंगही फिका पडतो. त्यांचे मेलेले केस हाताने उपसून काढायची रीत आहे.

ओल्या केसांवर कात्री हा सल्ला देणाऱ्याने बहुधा कुत्रा कधी विंचरलेला नाही. गाठ भिजली की आवळते. आधी स्टीलच्या फणीने कानामागे, बगलेत, पट्ट्याखाली विंचरायचं, मग अंघोळ, मग पूर्ण वाळवायचं, आणि मगच कापायचं. गाठ सुटत नसेल तर कातडी आणि कात्रीच्या मध्ये फणी सरकवा, कारण गाठीबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि गाठ समजून तीच कापली जाते. दाढीच्या ट्रिमरने काय होतं ते गुंड्याच्या पोटावर दिसलंच. त्याची मोटर एवढ्या केसांना पुरत नाही, अडकते, आणि पातं तापतं. कुत्र्याच्या मशीनचंही पातं तापतं, म्हणून मी ते मधूनमधून मनगटाला लावून बघते.

रॉकेलबद्दल काय लिहू? कातडी भाजते, आणि अंग चाटलं की तेच पोटात जातं. शिवाय गोचीड बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच, भिंतीच्या फटीत असते. डॉक्टरांकडून औषध घ्या. कानातले केस कान निरोगी असतील तर उपटू नका. यॉर्कीच्या कानाच्या वरच्या टोकाचे, बाहेरचे केस मात्र कापतात, म्हणजे कान उभे राहतात.

नखांचा मुद्दा पांढऱ्या नखांपुरता खरा आहे. गुंड्याची नखं काळी आहेत, त्यात पांढरा भाग शोधणार कुठे? तांदळाएवढं एकेक टोक कापत जायचं आणि कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं, पुढे रक्ताची नस आहे. चुकलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरायचं.

उजवी बाजू मी त्याच दिवशी माझ्या मशीनने आखूड करून दिली. डावीकडचे केस वाढायला दोनेक महिने तरी लागतील. तोवर दुपारी गच्चीवर जायचं नाही, आणि रोज संध्याकाळी विंचरायचं काम काकांकडे, कारण ट्रिमर त्यांचा होता.