व्हिडिओ सगळेच फुकट देतात, उत्तरं कोण तपासून देतं?

नमस्कार,

युरोपातल्या विद्यापीठांच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. दोन ओळींत भागणारी ती नव्हती, म्हणून हे वेगळं उत्तर. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'मोफत' ही नुसती जाहिरात असते, अर्ध्या वाटेवर पैसे मागतातच, युरोपचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक) आपल्याकडे कोणी विचारत नाही, त्यापेक्षा भारत सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं स्वयम् बरं, शिवाय हे अभ्यासक्रम शंभरात चार जणही पुरे करत नाहीत. आणि बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या तुमच्या पुतण्याने अशी दोन सर्टिफिकेटं मिळवली, ती मुलाखतीत कुणी पाहिलीसुद्धा नाहीत.

क्रेडिटचं आधी उरकतो, कारण तिथे तुमच्याशी वाद नाही. इथल्या विद्यापीठाच्या पदवीत क्रेडिट जमा करायचे असतील तर स्वयम्च धरावं. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातल्या विषयांपैकी 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्वरून घेता येतात. कॉलेजची संमती मात्र आधी घ्यायची, निकाल हातात आल्यावर नव्हे. स्वयम्वरच्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमातल्या बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम आठ असाइनमेंट्सच्या सरासरीचे 25 आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे 75 गुण असतात. असाइनमेंटमध्ये 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30, दोन्ही हवेत. एकात 24 आणि दुसऱ्यात 28 असले, बेरीज 52 झाली, तरी सर्टिफिकेट नाही. फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठाच्या ऑनलाइन कोर्सच्या पाच क्रेडिटसाठी मात्र तुमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागात रकानाच नाही, आणि परदेशी शिक्षणाला अधिकृत समकक्षता मिळते ती पदवीला, सुट्या कोर्सला नाही.

हेच क्रेडिट युरोपात चालतात. पुढे जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये मास्टर्स करायचं असेल, किंवा आत्ता तिथे शिकत असलेल्या मराठी मुलांना एखादा विषय भरून काढायचा असेल, तर त्यांना अर्थ आहे. ईसीटीएस या युरोपातल्या सामायिक क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम धरतात. ते ग्राह्य धरायचे की नाही हे त्या त्या विद्यापीठाचं परीक्षा मंडळ ठरवतं. त्यांना अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक), क्रेडिटचा आकडा, मिळालेली श्रेणी आणि विषयाचा तपशील दाखवावा लागतो. नुसत्या 'सहभाग प्रमाणपत्रा'वर यातलं काहीच नसतं.

आता पैशांचं. 'अर्ध्या वाटेवर पैसे मागतात' हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण ते सगळ्यांना सरसकट लागू होत नाही. पैसे नेमके कुठे आडवे येतात ते पाहा. व्हिडिओ एकदा तयार झाला की दहा जणांनी पाहिला काय आणि दहा हजारांनी पाहिला काय, खर्च जवळपास तेवढाच. उत्तर तपासणं, परीक्षा घेणं, निकाल नोंदवणं यांचा खर्च मात्र माणसागणिक वाढतो. म्हणून ज्या प्लॅटफॉर्मला स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं तो पैशांचा पडदा तिथेच टाकतो. एडेक्स घ्या. 2012 साली हार्वर्ड आणि एमआयटीने ना-नफा तत्त्वावर सुरू केलं आणि 2021 साली टू-यू या कंपनीला 80 कोटी डॉलरला विकलं. तिथे ऑडिट पद्धतीने फुकट शिकताना श्रेणीच्या चाचण्या कुलूपबंद असतात आणि मजकूरही ठरावीक मुदतीपुरताच उघडा राहतो. ब्रिटनचं फ्यूचरलर्न ओपन युनिव्हर्सिटीने सुरू केलं, आता तेही खासगी मालकीचं आहे आणि फुकट प्रवेशाला मुदत आहे. डेल्फ्ट, एडिनबरा, लोझान यांच्यासारख्या युरोपीय विद्यापीठांचे कितीतरी कोर्स याच अमेरिकी किंवा ब्रिटिश मांडवात बसलेले असल्यामुळे विद्यापीठाचं नाव युरोपातलं आणि नियम प्लॅटफॉर्मचे, असा प्रकार होतो. तुमच्या पुतण्याचा अनुभव बहुधा इथलाच.

म्हणून कोर्स निवडताना माझी कसोटी एकच आहे: माझं उत्तर तपासणार कोण, आणि कोणाच्या खर्चाने? या कसोटीला हेलसिंकी विद्यापीठ सगळ्यात चांगलं उतरतं. तिथल्या संगणकशास्त्र विभागाने 2012 साली प्रोग्रामिंगचा खुला कोर्स काढला, तो गंमत म्हणून नव्हे; तो नीट पूर्ण करणाऱ्यांना पदवीला प्रवेश मिळण्याचा एक मार्ग म्हणून. साहजिकच तपासणी पहिल्या दिवसापासून चोख असावी लागली, आणि ती यंत्राकडून करून घ्यावी लागली. खर्च फिनलंडचा करदाता करतो. पुढे त्याच पद्धतीवर पायथनचा कोर्स आला: चौदा भाग, पहिले सात प्राथमिक आणि पुढचे सात प्रगत, प्रत्येकी पाच क्रेडिट.

या यंत्र-तपासणीत नवशिके कुठे अडकतात ते सांगतो, कारण 'कोर्स बिघडलेला आहे' असं म्हणून सोडून देणारे बहुतेक इथेच सोडतात. पहिले तीन भाग ब्राउझरमध्येच होतात. चौथ्या भागापासून व्हीएस कोड हा कोड लिहायचा प्रोग्राम आणि त्यात 'टेस्ट माय कोड' हे एक्स्टेन्शन बसवावं लागतं. तिथे संस्था निवडताना 'मूक' (MOOC) हीच निवडायची आणि कोर्सही चालू वर्षाचाच घ्यायचा. गेल्या वर्षीचा घेतलात तर उत्तरं हिरवी, म्हणजे पास, होतात, गुण मात्र यंदाच्या खात्यात दिसत नाहीत. दुसरं, आपल्या संगणकावर चाचणी पास झाली की काम संपलं असं वाटतं. संपलेलं नसतं, ते उत्तर सर्व्हरला पाठवल्यावरच गुण जमा होतात. तिसरं, छापलेलं वाक्य अक्षरशः जुळावं लागतं. शेवटचा पूर्णविराम राहिला, एक स्पेस जास्त पडली, की नापास. चौथी चूक सगळ्यात चिवट. स्वाध्यायात एक फंक्शन लिहायला सांगितलेलं असतं, विद्यार्थी ते लिहितो, खाली इनपुट घेऊन वापरूनही पाहतो आणि तो वापरून पाहण्याचा कोड मुख्य ब्लॉकच्या (फाइल थेट चालवली तरच चालणाऱ्या भागाच्या) बाहेर उघडाच ठेवतो. तपासणारं यंत्र फाइल आयात करतं तेव्हा तो उघडा कोडही चालतो, इनपुटची वाट पाहत बसतो आणि चाचणी कोसळते. फंक्शन बिनचूक असतं आणि गुण शून्य.

याच विद्यापीठाचा 'फुल स्टॅक ओपन' हा वेब प्रोग्रामिंगचा कोर्स एक पायरी वरचा. शून्य ते तेरा असे चौदा भाग आहेत. मूळ गाभा शून्य ते पाचचा, तो पाच क्रेडिटचा, म्हणजे हिशेबाने 125 ते 150 तास. आठवड्याला दहा तास दिले तर तीन-साडेतीन महिने. त्यात व्हिडिओ जवळजवळ नाहीतच, वाचायचं आणि लिहायचं. (मला विचाराल तर हाच त्याचा मोठा गुण. व्हिडिओ दीडपट वेगाने पाहून शिकल्याचा भास होतो, इथे ती सोयच नाही.) उत्तरं गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात ठेवायची आणि कोर्सच्या पानावर किती स्वाध्याय झाले ते नोंदवायचं. एक नियम लोक वाचत नाहीत: एखादा भाग नोंदवला की त्यात नंतर भर घालता येत नाही. 'अर्धे आत्ता, अर्धे पुढच्या आठवड्यात' असं केलंत तर उरलेले गेले.

तिसरा भाग कठीण म्हणून बदनाम आहे, पण त्यातल्या बऱ्याच अडचणी प्रोग्रामिंगच्या नसतातच. तिथे फोनबुकचा सर्व्हर लिहून तो इंटरनेटवर चढवायचा असतो. आपल्या संगणकावर पुढची बाजू (ब्राउझरमध्ये दिसणारा भाग) 5173 पोर्टवर आणि सर्व्हर 3001 वर चालतो. पोर्ट वेगळे म्हणजे ब्राउझरच्या लेखी दोन वेगळी ठिकाणं, म्हणून कॉर्सची, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्याची माहिती वाचायला परवानगी नसल्याची, लाल चूक येते. ती सर्व्हरच्या बाजूने परवानगी देऊन सोडवायची, ब्राउझरमध्ये सुरक्षा बंद करून नव्हे. सर्व्हर चढवायच्या रेंडर या सेवेच्या फुकट योजनेत पंधरा मिनिटं कोणी फिरकलं नाही की सर्व्हर झोपतो आणि पुढची पहिली विनंती मिनिटभर घेते; तेवढ्यात 'चालत नाही' म्हणून सगळं पुन्हा चढवणारे पुष्कळ. मग येतो मोंगोडीबी अ‍ॅटलस, माहिती साठवायची ऑनलाइन डेटाबेस सेवा, फुकट 512 एमबी. जोडणी होत नसेल तर चूक कशी येते ते पाहा. अर्धा मिनिट अडकून टाइमआउट होत असेल तर नेटवर्क अ‍ॅक्सेसच्या यादीत तुमचा आयपी (जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता) नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती आणि मोबाइल जोडण्यांचा आयपी बदलत राहतो, म्हणून सरावापुरता 0.0.0.0/0, म्हणजे कुठलाही आयपी चालेल असं, टाकतात. लगेच 'बॅड ऑथ' आलं तर पासवर्ड चुकला आहे. तो डेटाबेस वापरकर्त्याचा हवा, अ‍ॅटलसच्या लॉगिनचा नव्हे. पासवर्डात ॲट किंवा स्लॅशसारखी चिन्हं असतील तर ती एन्कोड करावी लागतात. आणि हा पासवर्ड डॉट ईएनव्ही फाइलमध्ये ठेवून ती फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटहबवर न पाठवायच्या फाइलींच्या यादीत) घालायची, पहिला कमिट (कोडची नोंद) करण्याआधीच. नंतर घातली तर पासवर्ड जुन्या इतिहासात कायमचा राहतो. तेव्हा पासवर्ड बदलणं हा एकच उपाय.

जर्मनीत पोट्सडॅमच्या हासो प्लाटनर संस्थेचं ओपन-एचपीआय हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ 2012 पासून आहे. निम्मं साहित्य उघडून पाहिलं की सहभागाचं पत्र, आणि एकूण गुणांपैकी निम्मे मिळवले की यशाचं प्रमाणपत्र, दोन्ही फुकट. अट वेळेची आहे. श्रेणीच्या चाचण्या कोर्स चालू असतानाच द्यायच्या. मागाहून साहित्य वाचता येतं, पण यशाचं प्रमाणपत्र एरवी मिळत नाही. जर्मन वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. त्यांची मध्यरात्रीची मुदत आपल्याकडे पहाटे संपते, हे एकदा आपल्या पथ्यावर पडतं म्हणायचं. फ्रान्सचं फन-मूक 2013 चं, सरकारी पाठबळाचं. कोर्स बहुतांश फ्रेंचमध्ये, म्हणून फ्रेंच शिकणाऱ्यांपुरतंच सुचवतो.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या ओपनलर्न या मोफत संकेतस्थळावर क्रेडिट मिळत नाहीत, हे ते स्वतःच सांगतात. बॅजचे (डिजिटल बिल्ला देणारे) कोर्स साधारण 24 तासांचे, आठ सत्रांचे. चौथ्या आणि आठव्या सत्रानंतरच्या चाचण्यांत 50 टक्के हवेत. पण ओपनलर्नचं खरं मोल शिक्षकांना आहे. मजकूर पीडीएफ, वर्ड, ईपब असा उतरवून घेता येतो आणि बराचसा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असतो: नाव द्या, धंदा करू नका, केलेलं रूपांतर त्याच परवान्याखाली खुलं ठेवा. म्हणजे एखाद्या शिक्षिकेने धडा मराठीत आणून वर्गात वाटला तर परवानगी मागावी लागत नाही. फी घेणाऱ्या क्लासने छापून विकला तर तो भंग. चित्रं आणि उतारे कधी कधी इतरांचे असतात, ते शेवटच्या श्रेयनामावलीत पाहून वगळायचे. एडेक्सवरचा फुकट व्हिडिओ पाहता येतो म्हणून तो मराठीत डब करून चढवता येईलच असं नाही. मराठीच्या दृष्टीने हा फरक क्रेडिटपेक्षा महत्त्वाचा आहे असं माझं मत. फिनलंडने 2019 साली युरोपीय संघाचं अध्यक्षपद असताना 'एलिमेंट्स ऑफ एआय' हा हेलसिंकीचा कोर्स संघाच्या सगळ्या अधिकृत भाषांत आणायचं ठरवलं आणि पाच-साडेपाच लाख लोकवस्तीच्या माल्टाच्या भाषेतही तो आला. नाशिकला 1989 पासून मुक्त विद्यापीठ असलेल्या आपल्या राज्याला हे जड जाऊ नये.

पूर्ण करण्याचं प्रमाण. तुमचा आकडा अतिशयोक्त नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडेक्सवरच्या कोर्समध्ये 2017-18 साली ते तीन टक्क्यांच्या आसपास होतं. पण त्याच कोर्समध्ये पैसे भरून नोंदणी केलेल्यांत 46 टक्क्यांनी पूर्ण केले. एका क्लिकवर नाव नोंदवून पुन्हा न फिरकलेला माणूस आणि तीन प्रकरणांतलं हवं तेवढं शिकून गेलेला माणूस, दोघेही त्या छेदात असतात. पुतण्याने सुरुवात गांभीर्याने केली तर त्याला हा आकडा लागू करू नका.

मुलाखतीत सर्टिफिकेट कुणी पाहिलं नाही, यात नवल नाही. दोन मिनिटांत पाहता येतं ते गिटहबचं पान. त्याला पायथनच्या पहिल्या सात भागांपासून सुरू करायला सांगा, चारेक महिने द्या, मग फुल स्टॅकचे शून्य ते पाच. क्रेडिट घ्यायचे ठरवलं तर नोंदणीच्या वेळी नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं. आपल्याकडे आडनाव आधी की वडिलांचं नाव मध्ये, यावरून ट्रान्स्क्रिप्टमध्ये घोळ होतात आणि ते निस्तरायला पत्रव्यवहार करत बसावं लागतं.